खडबडीत कोबा गुळगुळीत कसा करतात

कोबा आपण सर्वांनी पाहिला आहे. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात कोबा आहे, पंचायतीच्या ओट्यावर आहे, आणि गावात ज्यांच्या घरी फरशी नाही व सारवणही नाही त्यांच्या घरी कोबाच आहे. काही कोबे आरशासारखे असतात. काहींवर बसले तर चड्डी फाटते. दोन्ही सिमेंटचेच, मग असा फरक का पडतो, आणि वाईट झालेला कोबा पुन्हा चांगला करता येतो का, ते मी या लेखात सांगणार आहे. आमच्या घरी हे काम २०२५ साली भाद्रपदात झाले. माझे मामा गवंडी आहेत. त्यांना मी रोज पुष्कळ प्रश्न विचारत होतो. काही माहिती आमच्या गुरुजींनी दिली.

प्रथम सिमेंटविषयी. चुनखडी आणि माती एकत्र दळून मोठ्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. त्याचे काळे काळे गोळे होतात. त्यात थोडा जिप्सम घालून पिठासारखे बारीक दळले की सिमेंट तयार होते. जिप्सम घातला नाही तर सिमेंट पाणी लागताच घट्ट होईल व गवंड्याला थापी फिरवायलाही वेळ मिळणार नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली अशा सिमेंटचे पेटंट घेतले व त्याला पोर्टलंड सिमेंट असे नाव दिले, कारण ते तिकडच्या पोर्टलंड नावाच्या दगडासारखे दिसत होते. आपल्या पोत्यावर ते नाव आजही छापलेले असते. घरी पोते असेल तर वाचून पाहा. त्याच्या आधी आपल्याकडे चुना वापरत. दगडी गोल खाचेत जड चाक बैलांकडून फिरवून चुना व वाळू मळत. त्याला घाणी म्हणतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ लोकांना वाटते की चिखल जसा वाळून घट्ट होतो तसे सिमेंट वाळून घट्ट होते. तसे नाही. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होते. पाणी त्याच्या आत जाऊन त्याचाच भाग बनते. म्हणून सिमेंट पाण्याखालीसुद्धा घट्ट होते, नाहीतर नदीतले पुलाचे खांब कसे उभे राहिले असते? आणि पाणी लवकर उडून गेले तर सिमेंट अर्धे कच्चेच राहते. मामा म्हणतात, “सिमेंट म्हंजी तान्हं लेकरू. त्याला आठ दिस पाणी पाजावंच लागतं.”

आमच्या कोब्याचे नेमके इथेच बिघडले होते. आमचे घर २०२१ साली झाले. आमचे आईबाबा दर साली ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते. त्या वर्षी ज्या गवंड्याने कोबा केला त्याने तो गाडी यायच्या आदल्या दिवशी केला. माल पातळ केला म्हणजे लवकर पसरतो, म्हणून त्याने पाणीही जास्त घातले. दुसऱ्या दिवशी सगळे गेले. आजी तेव्हा मला घेऊन आत्याकडे राहिली होती, त्यामुळे घराला कुलूप होते आणि कोब्यावर पाणी मारायला कोणीच नव्हते. चैत्रात परत आलो तेव्हा कोबा पांढरा पडला होता. झाडला की राखेसारखी भुकटी निघायची. रोज झाडा, रोज भुकटी. आई म्हणायची, आपण घर झाडत नाही, घरच झाडून बाहेर टाकतोय.

मग हळूहळू खड्डे पडले. २०२४ साली श्रावणात आजीची काठी दाराजवळच्या खड्ड्यात अडकली व ती पडली. मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर होते. आईबाबा गेल्यावर सहा महिने घरात मी आणि आजीच असतो, म्हणून बाबांनी ठरवले की यंदा गाडी येण्याच्या आधी कोबा नीट करायचाच.

कोबा दुरुस्त करण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. मामांनी तीन परीक्षा घेतल्या. त्या तुम्हीही घरी घेऊ शकता, पैसे पडत नाहीत. पहिली, हातोडीच्या दांड्याने जागोजाग ठोकायचे. ‘टण’ वाजले तर कोबा खालच्या थराला चिकटून आहे. ‘भद्’ वाजले तर तो खालून सुटला आहे व आत पोकळ आहे. दुसरी, खिळ्याने रेघ मारायची. नुसता पांढरा ओरखडा उठला तर ठीक. खिळा रुतून भुकटी निघाली तर वरचा थर कच्चा आहे. तिसरी, पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब टिकला तर चांगले, लगेच पिऊन टाकला तर कोबा बारीक बारीक छिद्रांचा आहे. मी खडूने खुणा करत गेलो. पोकळ तेथे गोल, भुकटी तेथे फुली. स्वयंपाकघरात फुल्या व गोल फार थोडे आले. तिथला कोबा पक्का होता, फक्त खडबडीत होता. पुढच्या खोलीत मात्र सगळीकडे फुल्याच फुल्या झाल्या.

म्हणून दोन खोल्यांना दोन वेगळी औषधे करावी लागली. कोबा पक्का असेल तर तो घासून गुळगुळीत करता येतो. कच्चा असेल तर घासून काही उपयोग नाही, कारण जेवढे घासाल तेवढे निघतच राहील. तिथे कच्चा थर काढून नवा थर द्यावा लागतो. काही जण कच्च्या कोब्यावर नुसते सिमेंटचे पाणी ओतून फिरवतात. चार दिवस छान दिसते, मग त्याची पापडी निघते. आमच्या गल्लीत एका घरी अशी पापडी मी स्वतः पाहिली आहे.

आधी घासायचे सांगतो, ते सोपे आहे पण हात दुखतात. त्याला पॉलिशचा दगड लागतो. तो खाणीतला दगड नसतो, कारखान्यात बनवतात व त्याला कार्बोरंडम म्हणतात. तो इतका कठीण असतो की वाळूचे दाणेही झिजतात. जाड दाण्याचा एक व बारीक दाण्याचा एक असे दोन दगड बाबांनी तालुक्याहून आणले. यंत्रही भाड्याने मिळते, परंतु एवढ्याशा स्वयंपाकघराला यंत्र परवडत नाही. जमिनीवर पाणी टाकायचे, जाड दगड दोन्ही हातांनी दाबून गोल गोल फिरवायचा. वर आलेले दाणे झिजतात व करडी रबडी तयार होते. रबडी ओली असतानाच फडक्याने टिपून घ्यावी, वाळली तर पुन्हा चिकटते. ती मोरीत ओतू नये, नळी बुजते. आम्ही जुन्या पाटीत गोळा केली व वाळल्यावर उकिरड्याच्या पलीकडे खड्ड्यात टाकली.

हे काम कोरडे कधीही करू नये. ही गोष्ट मामांनी मला दोनदा सांगितली. कोरडे घासल्यावर जी धूळ उडते ती वाळूच्या दगडाची असते व छातीत जाऊन बसते, मग निघत नाही. दगडखाणीतल्या माणसांना त्याचा मोठा आजार होतो. तोंडाला नुसता रुमाल बांधून ती धूळ अडत नाही. पाणी मारले की धूळ उडतच नाही.

घासून झाल्यावर लहान लहान छिद्रे दिसू लागतात. ती बुजवायला सिमेंट व पाणी यांचा दाट घोळ करून जमिनीवर चोळतात व जास्तीचा पुसून घेतात. चार-पाच दिवस जमीन ओली ठेवून मग बारीक दगडाने पुन्हा घासायचे. आई आणि बाबा आळीपाळीने घासत होते. सगळे मिळून चार दिवस घासणे झाले. आता तिथे पीठ सांडले तर पुसून निघते.

पुढच्या खोलीचे काम मोठे. सुरू करताना आजी म्हणाली, “पाव्हणं, पितरपाटात नवं काम नगं.” मामा म्हणाले, “मावशी, हे नवं कुठंय, जुनंच हाय, दुरुस्ती हाय.” मग आजी काही बोलली नाही.

आधी बाबांनी छिन्नी-हातोड्याने पोकळ भाग उकरून काढला. बाकीच्या जागेत सगळीकडे छिन्नीचे टोचे मारले. जमीन खडबडीत आहे म्हणून तर आपण काम काढले, मग आणखी खडबडीत का करायची, असे मी विचारले. मामांनी सांगितले की गुळगुळीत पाठीवर नवा माल धरत नाही, त्याला पकडायला जागा पाहिजे. सारवताना आजी जुनी जमीन आधी ओरबाडून घेत असे, तसेच हे. मग सगळे झाडून, घासून, धुऊन काढले. धूळ राहिली तर नवा थर धुळीला चिकटतो, कोब्याला नाही. रात्रभर जमीन पाण्याने भिजत ठेवली. कारण तहानलेला जुना कोबा नव्या मालातले पाणी पिऊन टाकतो. सकाळी मात्र साचलेले पाणी काढून टाकले. जमीन ओली पाहिजे, पण तळे नको.

दाराचेही पाहावे लागते. नवा थर १ इंच चढणार म्हणजे दार खाली घासणार. मामांनी आधीच दाराच्या खाली पट्टी धरून पाहिले. अर्धा इंचच फट होती. म्हणून सुताराला बोलावून दार खालून कापून घेतले. हे काम आधी केले म्हणून बरे, नाहीतर दार उघडेच राहिले असते किंवा बंदच.

आता हिशोब. हा मी केला व गुरुजींनी तपासला. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. थर १ इंच, म्हणजे एका फुटाचा बारावा भाग. १२० भागिले १२, उत्तर १० घनफूट माल. प्रमाण १ भाग सिमेंट व ३ भाग वाळू. इथे एक गंमत आहे. ३ घमेली वाळू आणि १ घमेले सिमेंट मिळून ४ घमेली होत नाहीत. साधारण ३ घमेलीच भरतात, कारण सिमेंट वाळूच्या दाण्यांमधल्या फटींत जाऊन बसते. खरे वाटत नसेल तर बरणीत गोट्या भरा व वरून वाळू ओता, बरीच वाळू मावते. म्हणून १० घनफूट मालाला वाळूच सुमारे १० घनफूट लागते व सिमेंट तिचा तिसरा भाग, म्हणजे सव्वातीन घनफुटांच्या थोडे वर. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते व त्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट असते. दोन पोती कमी पडतात, तीन पोती म्हणजे पावणेचार घनफूट. उरलेले घोळाला लागते. बाबांनी तीनच पोती आणली आणि बरोबर पुरली.

वाळू आता नदीची मिळत नाही तेथे खडी दळून केलेली क्रश सँड मिळते. आम्ही तीच जाड दाण्याची घेतली. तिच्यात भुकटी किती आहे हे पाहायला काचेच्या बरणीत वाळू व पाणी घालून खूप हलवले व ठेवून दिले. दाणे लगेच तळाला बसले. भुकटीचा थर नंतर त्यांच्यावर बसला. तो जाड दिसला तर वाळू धुवावी, कारण भुकटी व माती सिमेंटला दाण्याशी चिकटू देत नाहीत. आमची वाळू एकदा धुवावी लागली.

पाणी किती घालायचे हा सगळ्यात अवघड प्रश्न. ५० किलो सिमेंटला घट्ट होण्यासाठी खरे तर १२ लिटरच्या आसपासच पाणी पुरते. पण तेवढ्यात माल कालवताच येत नाही, म्हणून २० ते २५ लिटर घालतात. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. म्हणजे जितके पाणी जास्त, तितकी छिद्रे जास्त व कोबा तितका कच्चा. मामांनी मला खूण सांगितली. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा व बोटांतून पाणी गळू नये. भाकरीच्या पिठासारखा पाहिजे, धिरड्याच्या पिठासारखा नको. मी मूठ दाबून पाहिली नाही, मामांनी दाबून दाखवली. ओले सिमेंट चुन्यासारखे चावते, हाताची कातडी सोलते. मामांनी हातमोजे घातले होते. डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे व दवाखान्यात जावे.

माल टाकण्याआधी पाण्याच्या नळीने सपाटी पाहिली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन भिंतींशी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येते. दोन टोकांत कितीही अंतर असले तरी येते. मला हे यंत्र फार आवडले. त्यावरून भिंतीला खुणा केल्या व जमिनीचा उतार दाराकडे किंचित ठेवला, म्हणजे धुतल्यावर पाणी आपोआप बाहेर जाते.

मग जमिनीवर सिमेंटचा घोळ झाडूने फासला. घोळ ओला असतानाच त्यावर माल टाकला. घोळ वाळला तर तो डिंकाचे काम न करता उलट दोन थरांत पडदा होऊन बसतो. म्हणून जेवढी जागा लगेच भरता येईल तेवढीच फासायची. माल पसरून मामांनी लांब पट्टी सरकवत जास्तीचा ओढून घेतला, व नंतर लाकडी रंधा फिरवला. (हा गवंड्याचा रंधा, सुताराचा नव्हे.)

यानंतर मामा चक्क बसून राहिले. चहा प्याले. मला वाटले, काम तर अर्धवट आहे! पण हे बसणेच गवंड्याची खरी कला आहे असे मला वाटते. कारण त्या वेळी मालातले पाणी हळूहळू वर येते व जमीन चमकू लागते. दूध तापल्यावर साय वर येते तसे. त्या पाण्याबरोबर सिमेंटची बारीक भुकटी पण येते. तेव्हाच लोखंडी गुरमाळा फिरवला तर ते पाणी आतच घोटले जाते व वर कच्ची साय तयार होते. नंतर तीच साय भुकटी होऊन निघते. काही जण घाईत ते पाणी सुकवायला वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात. त्यानेही वरची पापडीच होते. थांबायचे. चमक गेली व अंगठा दाबल्यावर थोडासाच ठसा उमटला की वेळ झाली. मग गुरमाळा जरा तिरपा धरून, जोर देऊन घोटायचे. थोड्या वेळाने पुन्हा घोटायचे. मामांनी तीनदा घोटले. तिसऱ्या वेळी गुरमाळा खण् खण् वाजत होता, आणि जमिनीत खिडकीचा उजेड दिसू लागला.

घोटण्याआधी थापीच्या धारेने रेघा पाडून खोलीचे मोठे चौकोन केले होते. सिमेंट घट्ट होताना थोडे आकसते व कुठेतरी तडकतेच. रेघ असली की तडा रेघेतच जातो व दिसत नाही. काही ठिकाणी रेघेच्या जागी काचेची पट्टी घालतात. आजीला तांबडा कोबा पाहिजे होता, तिच्या माहेरच्या वाड्यात होता म्हणे. तांबडा रंग म्हणजे लोखंडाचा गंज असतो, तसाच पण शुद्ध. तो सिमेंटच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालत नाहीत, नाहीतर ताकद कमी होते. पण सगळीकडे सारखा रंग येणे कठीण असते, म्हणून मामांनी फक्त कडेने चार बोटांची तांबडी पट्टी काढून दिली. आजीने ती चालवून घेतली.

मोरी मात्र गुळगुळीत करायची नाही. ओल्या गुळगुळीत कोब्यावर पाय घसरतो. तिथे घोटल्यावर काथ्याची दोरी दाबून उभ्याआडव्या खाचा पाडल्या. आता काठीही घसरत नाही.

आता पाणी पाजण्याचे काम. ते माझे व आजीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर गोणपाटे अंथरली, ती भिजवली व वर प्लास्टिकचा कागद घातला. कागदामुळे पाणी उडत नाही. नुसते गोणपाट असते तर दिवसातून चार-पाच वेळा भिजवावे लागले असते. आम्हाला सकाळी शाळेआधी एकदा व संध्याकाळी एकदा पुरले, प्रत्येक वेळी दोन कळश्या. ज्यांच्या गावात टँकर येतो त्यांनी हा कागद जरूर वापरावा. कमीत कमी ७ दिवस ओले ठेवावे असे मामांनी सांगितले. आम्ही १० दिवस ठेवले. पाण्याच्या दृष्टीने भाद्रपद चांगला, विहिरीला पाणी असते व हवेत ओल असते. चैत्र-वैशाखात हे काम काढू नये, कोबा दुपारीच तडकतो.

त्या दहा दिवसांत आम्ही पडवीत झोपलो. चार दिवसांनी अनवाणी हलके चालायला परवानगी होती. लोखंडी पेटी व कणगी मात्र २८ दिवसांनी आत नेली, कारण सिमेंटला बरीचशी ताकद यायला तेवढे दिवस लागतात. तोपर्यंत गाडी येऊन गेली होती. पेटी मी आणि शेजारच्या काकांनी उचलून आत ठेवली, ओढली नाही.

आता रोज ओल्या फडक्याने पुसतो. भुकटी निघत नाही. खिळ्याने मी पुन्हा एक बारीक रेघ मारून पाहिली, पलंगाखाली, कोणाला दिसणार नाही अशी. नुसता पांढरा ओरखडा आला.

पॉलिशचे दोन्ही दगड आमच्या घरी आहेत. बाबांनी सांगून ठेवले आहे की ज्यांना लागतील त्यांनी आजीकडून न्यावेत. जाड दगड लाल फडक्यात बांधला आहे, बारीक पांढऱ्यात. धुऊन परत आणून द्यावेत.

— इयत्ता ४ थी